जुनी सायकल घेताय? आधी ती नीट बघा, मग पाना उचला

जुन्या सायकलींच्या नादाला लागलेला नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. गंजलेली सायकल आणतो, दुसऱ्या दिवशी ती पूर्ण खोलतो, तिसऱ्या दिवशी रंग खरवडायला घेतो. महिनाभराने सांगाडा कोपऱ्यात, नटबोल्ट डब्यात आणि उत्साह संपलेला. यातली घाई तेवढी वजा केली तर हा छंद अवघड नाही. जुन्या सायकलीवर तिची बरीचशी माहिती कुठे ना कुठे ठोकलेली, कोरलेली किंवा चिकटवलेली असते. ती वाचून, मोजून, लिहून होईपर्यंत एकही नट सैल करायचा नाही, एवढं एक पथ्य पाळा.

पहिली सायकल कुठली?

पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेली पेनी-फार्दिंग फोटोत फार देखणी दिसते. ती १८७०च्या दशकातली. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' ही जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन लावलेली सायकल काढली. १८८८ साली डनलॉपचा हवा भरलेला टायर आला आणि उंच चाकाचा काळ बघता बघता आटोपला. १९०० च्या आधीच्या सायकली संग्रहालयात जाऊन मनसोक्त बघा, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. त्यांचा एखादा भाग हरवला तर तो हाताने घडवून घ्यावा लागतो.

नवख्याला झेपतील असे प्रकार तीन. पहिला, रॉड ब्रेकची, म्हणजे केबलऐवजी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची, भारदस्त रोडस्टर. दुसरा, मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच, तीन गिअर असलेली, केबल ब्रेकची हलकी सायकल. तिसरा, १९६० ते १९८०च्या दशकांतली वाकड्या हँडलची, डिरेलरची, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणारी, रेसिंग सायकल. माझं मत विचाराल तर दुसरा प्रकार घ्या. या हबमध्ये बिघडण्यासारखं फार नसतं, सुटे भाग अजून मिळतात, आणि सायकल तयार झाल्यावर ती रोजच्या वापरातही येते. रेसिंग सायकलींचा मोह मला कळतो. पण तिथे आट्यांची भानगड आहे, ती पुढे येईलच.

कुठलाही प्रकार घ्या, सायकल शक्यतो पूर्ण असलेली घ्या. गंज काढता येतो, रंगाचे टवके चालवून घेता येतात. पण मूळ चेनगार्ड, मूळ पेडल, मूळ दिवा शोधण्यात वर्षं जातात. आणि फ्रेम तुमच्या उंचीची असू द्या. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून उभं राहिल्यावर पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. मोठी फ्रेम लहान करता येत नाही, आणि न बसणारी सायकल कितीही दुर्मीळ असली तरी शेवटी भिंतीलाच टेकून राहते.

घेण्याआधी काय तपासायचं

रंग आणि चकाकी शेवटी बघा. आधी खाली वाका आणि पुढच्या बाजूने फ्रेमच्या सांध्यात बोट फिरवा. हँडलची उभी नळी जिथे दांडीला आणि खालच्या तिरक्या नळीला मिळते, त्याच्या जरा मागे नळीच्या खालच्या अंगाला बोटाला उंचवटा लागतो का? तिथल्या रंगावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात का? तसं असेल तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. बाजूने बघितल्यावर पुढचं चाक धरणारा चिमटा मागे दाबल्यासारखा दिसला तर शंका पक्की. अशी फ्रेम नवख्याने घेऊ नये.

फ्रेम सरळ आहे का, हे दोऱ्याने कळतं. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधा, तो हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटची नळी आणि दोरा यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम एका अंगाला गेली आहे.

मग सीटचा खांब आणि हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून उभ्या नळीत उतरणारा दांडा, हलतात का ते बघा. अ‍ॅल्युमिनियमचा खांब पोलादी नळीत वर्षानुवर्षं कोरडा राहिला की दोन्ही धातू एकमेकांना अक्षरशः धरून बसतात. अडकलेला खांब सुटतो, पण कधी एका रात्रीत, कधी आठवडाभर झटून. भाव करताना हे लक्षात असू द्या.

फ्रेमचा नंबर बहुधा पेडलच्या एक्सलच्या आडव्या नळीखाली, सीटच्या सांध्यावर किंवा मागच्या खाचेजवळ ठोकलेला असतो. तो घासून काढलेला दिसला तर विषय तिथेच संपवा. चोरीची सायकल जुनी झाली म्हणून आपली होत नाही.

काही भाग तर दिसताक्षणी बदलायच्या यादीत घालायचे. सिम्प्लेक्सचे डेलरिन प्लास्टिकचे डिरेलर वयाबरोबर तडकतात. १९७०च्या दशकातल्या लँबर्ट सायकलींचा अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा तर शौकिनांत 'मृत्यूचा चिमटा' म्हणूनच ओळखला जातो. तो शोभेला ठेवा, त्यावर बसू नका.

वय कसं ओळखायचं

फ्रेमच्या नंबरावरून साल काढायला सगळेच धावतात, आणि तिथेच सर्वांत जास्त फसतात. बऱ्याच कारखान्यांच्या नोंदी हरवल्या आहेत, काहींनी तेच क्रम पुन्हा वापरले. सुट्या भागांवरचे शिक्के जास्त भरवशाचे.

तीन गिअरची सायकल असेल तर मागच्या हबचं कवच फडक्याने पुसा. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू हा हब १९३६ साली आला आणि अनेक दशकं जवळपास तसाच बनत राहिला. त्याच्यावर नावाशेजारी '६४ ५' असे आकडे दिसले तर तो मे १९६४ चा. शिमानोच्या भागांवर, बहुधा क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आतल्या अंगाला किंवा डिरेलरच्या मागे, दोन रोमन अक्षरं असतात. पहिलं अक्षर सालाचं, 'ए' म्हणजे १९७६, 'बी' म्हणजे १९७७ असं पुढे. दुसरं महिन्याचं, 'ए' ते 'एल'. म्हणजे 'एचसी' असेल तर मार्च १९८३. कँपान्योलोच्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर 'पेटंट ७४' असं असलं तर तो १९७४ चा समजायला हरकत नाही.

पण एका शिक्क्यावर विसंबू नका. चाकं हा सायकलचा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग. हब, क्रँक, ब्रेक अशा तीन-चार ठिकाणच्या तारखा एकमेकींच्या जवळ आल्या तर सायकल त्याच सुमाराला किंवा थोडी नंतर जुळवलेली असणार. एकच भाग दहा वर्षांनी पुढे पळाला असेल तर तो बदललेला.

रेनॉल्ड्स ५३१ च्या स्टिकरबद्दलही एक सांगतो. मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या या नळ्या १९३५ साली आल्या आणि चांगल्या सायकलीची खूण होऊन बसल्या. मात्र स्टिकर वाचताना पूर्ण वाचा. काहींवर सगळ्या नळ्या, चिमटा आणि मागच्या दांड्या ५३१ च्या असल्याचं लिहिलेलं असतं, काहींवर फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असतो. शिवाय अशी स्टिकर आज नव्याने छापून मिळतात. म्हणून सीटच्या खांबाचा व्यास मोजा. ५३१ च्या, टोकांना जाड आणि मध्ये पातळ असलेल्या नळ्यांच्या फ्रेमला बहुधा २७.२ मिलिमीटरचा खांब बसतो. स्टिकर ५३१ चं आणि खांब त्याहून बराच बारीक निघाला तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

मापं

एक व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे व्यास बारकाईने मोजायचं साधन, घ्या. स्वस्तातला चालेल, पण घ्याच. अंदाजाने मागवलेल्या भागांचे ढीग मी अनेकांकडे बघितले आहेत.

टायरची मापं तर शुद्ध गोंधळ आहे. '२६ इंची' म्हणून विकले जाणारे टायर अनेक व्यासांचे असतात: २६ × १ ३/८ चा रिम ५९० मिलिमीटरचा, माउंटन बाइकचा २६ इंची मात्र ५५९ चा. एकावर दुसरा चढतच नाही. रोडस्टरचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. जुन्या रेसिंग सायकलींचा २७ इंची म्हणजे ६३०, आणि आजचा ७००सी म्हणजे ६२२. हो, २८ इंची म्हणवला जाणारा ७००सी २७ इंचीपेक्षा लहान आहे. त्यामुळे इंचांकडे दुर्लक्ष करा आणि टायरच्या कडेवर '३७-५९०' असा जो आकडा असतो त्यातला दुसरा भाग रिमशी जुळवा. जुन्या रिमच्या आतल्या कडांना बऱ्याचदा टायर धरून ठेवणारी आकडी नसते, म्हणून नव्या टायरवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरू नका. टायर रिमवरून उडेल.

आता आटे. पेडलच्या एक्सलचे कप, म्हणजे छर्रे धरणाऱ्या वाट्या, ज्या आट्यांवर बसतात ते देशागणिक वेगळे. ब्रिटिश पद्धतीत १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, उजव्या बाजूचा कप उलट आट्यांचा. इटालियन पद्धतीत ३६ मिलिमीटर, दोन्ही बाजू सुलट. फ्रेंच ३५ मिलिमीटर, त्याही दोन्ही सुलट. रॅली या ब्रिटिश कंपनीने स्वतःच्या अनेक सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले, म्हणजे दिसायला ब्रिटिश, पण सर्वसाधारण ब्रिटिश कप तिथे बसत नाही. नवखे लोक उजव्या बाजूचा कप उलट दिशेने फिरवून फिरवून त्याच्या कडा खाऊन टाकतात. ब्रिटिश फ्रेम असेल तर तो कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. इटालियन असेल तर नेहमीसारखा. कुठली आहे हे ठरेपर्यंत जोर लावू नका. शंका असेल तर कप जागच्या जागीच साफ करा, तेवढ्यानेही काम भागतं.

फ्रेंच सायकलींत पेडलचे आटे आणि स्टेमचा व्यासही वेगळे. बाकी सगळीकडे स्टेम २२.२ मिलिमीटरचा, तिथे २२.० चा. म्हणून पहिली सायकल फ्रेंच नको. दुसरी घ्या, तोवर हात बसलेला असेल.

खोलताना

आधी फोटो काढा. केबल कुठून जाते, वायसर कुठल्या क्रमाने आहेत, हे डोक्यात राहत नाही. प्रत्येक भागाचे नट, वायसर, छर्रे वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर नाव लिहा.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी पाचरीसारखी पिन, ही नवख्याची खरी परीक्षा. नट इतकाच सैल करा की त्याचं तोंड पिनच्या टोकाशी समपातळीत येईल. म्हणजे हातोडीचा घाव आट्यांवर न बसता नटावरही वाटला जाईल. मग क्रँकच्या खाली, पिनच्या अगदी शेजारी, जमिनीपर्यंत पोचणारा जाड नळीचा किंवा लाकडाचा टेकू द्या. टेकू नसेल तर प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर बसतो आणि कपावर खड्डे पडतात. घाव एकच, पण दमदार. भित्र्या टकटकीने पिन वाकते, सुटत नाही. पिन काढायचा प्रेस मिळाला तर त्याहून बरं. परत बसवताना दोन्ही पिन एकमेकींच्या उलट दिशेने घाला. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पेडल मारताना पाय लंगडल्यासारखा वाटतो.

स्टेम काढताना वरचा बोल्ट पूर्ण काढू नका. दोन-चार वेढे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि एक ठोका द्या, आतली पाचर खाली सुटते. अडकलेल्या पोलादी खांबाला भेदक तेल लावून रात्रभर ठेवा आणि मग फिरवून बघा. अ‍ॅल्युमिनियमचा खांब असेल तर अमोनियाचं द्रावण तिथला क्षार सैल करतं, पण ते काम उघड्यावर आणि हातमोजे घालूनच करा. खांबाच्या वरच्या टोकाला पकडीत धरून फ्रेमच फिरवली तर तरफ जास्त मिळते. एक लक्षात घ्या, अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. त्यामुळे सगळाच सांधा तापवला तर खांब आणखी घट्ट होतो. बर्फाने गार केला तर थोडा आक्रसतो.

गंज आणि रंग

मूळ रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा, झिजलेलं नाव हे सगळं शक्य तितकं राखा. नवा रंग कधीही देता येतो, खरवडलेला जुना परत आणता येत नाही. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मेण लावा. पॉलिश वापरायचं असेल तर आधी नळीच्या खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघा. फडक्यावर पॉलिशच्या नेहमीच्या काळपट डागाऐवजी सायकलचाच रंग भरभरून उतरायला लागला तर थांबा. थिनर किंवा पेट्रोल नावाच्या स्टिकरांवर लागू देऊ नका, अक्षरं पुसली जातील.

क्रोमवरच्या गंजासाठी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. तांबूस ठिपके करड्या गाळासारखे निघून येतात. क्रोमला भोकं पडली असतील तर ती भरत नाहीत, पण चमक आश्चर्य वाटावं इतकी परत येते. फार गंजलेल्या पोलादी भागांसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण वापरतात. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि मुलांपासून दूर. अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर काही तासांत पुन्हा तांबूस थर चढतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. घासायचाच असेल तर ओल्या सँडपेपरने आणि मास्क लावून.

जुळवणी

छर्रे नवे घाला, दरवेळी. ते स्वस्त असतात आणि जुने वरून चकचकीत दिसले तरी झिजलेले असतात. मागच्या हबला सहसा पाव इंची नऊ-नऊ, पुढच्याला ३/१६ इंची दहा-दहा, पेडलच्या एक्सलला पाव इंची अकरा-अकरा. तरी काढताना निघालेले मोजा, कारण आधीच्या मेकॅनिकने काय घातलं होतं कुणास ठाऊक. कपात ग्रीसचा थर द्या, त्यात छर्रे बसवा, कोन (छऱ्यांवर टेकणारा निमुळता नट) घट्ट करा आणि मग किंचित मागे घ्या. चाक बोटाच्या टिचकीने फिरलं पाहिजे आणि रिम धरून हलवल्यावर खडखड नको. खांबाला आणि स्टेमला ग्रीस लावायला विसरू नका, पुढच्या मालकाचे आशीर्वाद मिळतील.

चेनची झीज पट्टीने मोजा. बारा पूर्ण कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर, म्हणजे बारा इंच भरते. ३०६.४ च्या पुढे गेली की चेन बदला.

तीन गिअरच्या हबला पातळ तेल लागतं, काही घरगुती तेलं आत गोंदासारखी साचतात. गिअर लावायचा असा: लिव्हर मधल्या गिअरवर ठेवा, उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघा आणि केबल इतकीच ताणा की आतल्या सळईची पायरी एक्सलच्या टोकाशी समपातळीत येईल. हे काळजीपूर्वक करा. एडब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा आहे. केबल चुकीची ताणलेली असेल तर चढावर उभं राहून जोर लावताना पेडल अचानक मोकळं सुटतं आणि माणूस थेट दांडीवर आदळतो.

ब्रेकचे रबर नवे घाला. पोलादी रिमवर पावसात ब्रेक फार कमी लागतात, रबर कितीही चांगलं असलं तरी. ओल्या रस्त्यावर समोरचा धोका ओळखून आधीच वेग कमी करायची सवय लावून घ्या. स्टेम नळीच्या आत किमान ६५ मिलिमीटर राहू द्या. जुन्या स्टेमवर मर्यादेची खूण नसते, म्हणून ती स्वतः आखा.

रस्त्यावर, आणि माणसांत

पहिली चक्कर छोटी मारा आणि परत येताच कॉटर पिनचे नट पुन्हा आवळा. ते हमखास सैल होतात. तसंच पुढचे काही दिवस करा.

मग इतर शौकिनांना गाठा. ब्रिटनचा व्हेटरन-सायकल क्लब १९५५ पासून आहे, अमेरिकेतली द व्हीलमेन ही संघटना १९६७ पासून. व्हेटरन-सायकल क्लबात एकेका कंपनीचा ध्यास घेतलेले सभासद असतात. त्यांना फ्रेमचा नंबर, शिक्के आणि नीट काढलेले फोटो पाठवले तर तुम्हाला न दिसलेली गोष्ट ते चटकन दाखवतात. फोटो चेनच्या बाजूने, पूर्ण सायकलचा, साध्या भिंतीसमोर काढा. शिक्क्यांचे वेगळे, जवळून. 'ही काय किमतीची आहे?' हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारू नका, उत्तरं लगेच कोरडी होतात.

रेसिंग सायकल असेल तर इटलीतल्या गायोले इन कियांती इथली ल'एरोइका माहीत असू द्या. १९९७ साली सुरू झालेली ही राइड तोस्कानाच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून जाते. तिथे सायकल १९८७ च्या आधीची लागते, गिअरचे लिव्हर खालच्या तिरक्या नळीवर, पेडलला पट्टे, आणि ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून. ही सीमारेषा उगीच आखलेली नाही. १९८४ साली लुकची बुटात अडकणारी पेडल आली, त्याच साली शिमानोच्या ड्युरा-एसमध्ये खटक्याने बदलणारे गिअर आले, केबल हँडलच्या टेपखाली गेल्या, आणि दोन-तीन वर्षांतच रेसिंग सायकलीचं रूप पालटलं. तुमच्या सायकलीवर यातला एखादा नवा भाग मागाहून चढवलेला असेल तर जुना शोधायला आत्ताच लागा. तो मिळेपर्यंत नवा लावूनच चालवा, मात्र काढलेला कुठलाही मूळ भाग, मोडका असला तरी, फेकू नका.